क्वेरी भलतंच उत्तर देते तेव्हा

नागपुरात नव्याने कामाला लागलेल्यांच्या वाट्याला आधी छोटी ॲप्सच येतात. कळमना मार्केटमधल्या अडत्याचा हिशेब, नाहीतर दवाखान्याची नोंदवही. खाली डेटा ठेवायला बहुधा एसक्यूलाइट, म्हणजे ॲपमध्येच चालणारी डेटाबेसची लायब्ररी. क्वेरीचं, म्हणजे डेटाला विचारलेल्या प्रश्नाचं, उत्तर चुकलं की "लायब्ररीतच बग आहे" म्हणायला जीभ वळवळते. आधी आत खरंच काय साठलंय ते बघा.

आमच्याकडे एका टेबलात फोनच्या कॉलमचा प्रकार 'स्ट्रिंग' लिहिलेला होता. 'लाइक' लावून 0712 ने सुरू होणारे नंबर मागितले तर बरेच गायब! क्वेरीत खोट नव्हती. एसक्यूलाइट प्रकाराच्या नावात टेक्स्ट, कॅर, इंट असले तुकडे शोधतं. 'स्ट्रिंग'मध्ये त्यातलं काहीच नाही, म्हणून तो कॉलम न्यूमरिक, म्हणजे आकड्यांचा, धरला गेला. नुसत्या आकड्यांचे नंबर पूर्णांक झाले, पुढचा शून्य गळाला. मध्ये डॅश असलेले मजकूरच राहिले, तेवढेच सापडत होते. गंमत अशी, की बरोबरीच्या चिन्हाने अख्खा नंबर शोधला तर मिळतो, कारण तुलनेआधी आपण दिलेल्या नंबराचाही पूर्णांक होतो. मग टेस्टिंगमध्ये कोणाच्या लक्षात येणार?

'टाइपऑफ' फंक्शनने प्रत्येक ओळीतला प्रकार छापला की उलगडा होतो. 2021 मध्ये आलेल्या 3.37 आवृत्तीपासून स्ट्रिक्ट, म्हणजे प्रकार काटेकोर पाळणारं, टेबल मिळतं. त्यात 'स्ट्रिंग' लिहिलं तर टेबलच बनत नाही. नव्या कामाला मी तेच वापरायला सांगतो.

मराठी मजकुराचा ताप निराळा. 'शेतकऱ्यांची' या शब्दातला र कोणी नुक्तावाला टाइप करतं, कोणी साधा र आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखे, पण एसक्यूलाइट बाइट्स ताडून बघतं. बाइट्स छापणाऱ्या 'हेक्स' फंक्शनने फरक उघडा पडतो. युनिकोडच्या एनएफसीने, म्हणजे अक्षरांची रूपं एकसारखी करायच्या ठरीव पद्धतीने, हा फरक मिटत नाही, नोंद घेतानाच एक रूप ठरवावं लागतं.

यादीत नसलेल्या ओळी मागणाऱ्या 'नॉट इन'च्या यादीत एक जरी नल, म्हणजे किंमतच नसलेली नोंद, शिरला, तरी एकही ओळ येत नाही. हा एसक्यूएल या क्वेरीच्या भाषेचा नियमच आहे.

एवढं तपासूनही कोडं सुटलं नाही, तर टेबलाच्या नावानंतर 'नॉट इंडेक्स्ड' लिहून क्वेरी पुन्हा चालवा. त्या टेबलाला मग इंडेक्स, म्हणजे ओळी झटकन शोधायची सूची, वापरला जात नाही. उत्तर बदललं तर इंडेक्सकडे संशयाने बघा: 'इंटिग्रिटी चेक' चालवा, बिघाड निघाला तर बॅकअप घेऊन 'रीइंडेक्स'ने तो नव्याने बनवा. इंडेक्स धड असूनही दोन उत्तरं येत असतील, तर चार ओळींचं टेबल आणि आवृत्तीचा क्रमांक देऊन बग खुशाल कळवा.