पाचशे प्रतींचं एक वर्ष

जानेवारी २०२३ मध्ये माझ्या पहिल्या कथासंग्रहाचं प्रकाशन झालं. लेखक-प्रतींचा गठ्ठा घरी आला तेव्हा आईने वरची प्रत देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं. पंचवीस प्रती आठ दिवसांत संपल्या, सगळ्या नातेवाइकांत आणि शाळेतल्या सहकाऱ्यांत. पहिलं पुस्तक येऊ घातलेल्यांना म्हणूनच आधी सांगते: त्यातल्या निदान दहा बाजूला काढा. वर्तमानपत्रं परीक्षणासाठी दोन-दोन प्रती मागतात. मला पुढे त्यासाठी स्वतःचंच पुस्तक सवलतीत, १५० रुपयांना, विकत घ्यावं लागलं.

पैशांचं सरळ सांगते. आवृत्ती ५०० प्रतींची, छापील किंमत २५० रुपये, मानधन त्याच्या दहा टक्के, तेही विकल्या गेलेल्या प्रतींवर. वर्षभरात २११ प्रती गेल्या. म्हणजे ५,२७५ रुपये. करारावर सही करताना मी फक्त टक्केवारी पाहिली. विक्रीचा हिशेब कधी आणि कसा मिळणार, हे कलम वाचलंच नाही. ते नक्की वाचा. आणि नोकरी सोडू नका.

एक चूक मात्र अजून सलते. पुस्तकाच्या श्रेयपानावर ‘प्रथमावृत्ती : डिसेंबर २०२२’ छापलं होतं. राज्य शासनाच्या यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या पुस्तकांसाठी वेगळे विभाग असतात, लघुकथेसाठी ग. ल. ठोकळ यांच्या नावाचा. तिथे जानेवारी ते डिसेंबर असं प्रकाशनवर्ष धरतात. मी समारंभाच्या तारखेवरून २०२३ धरून बसले आणि २०२२च्या पुस्तकांची मुदत निघून गेली. पुस्तक वर्षअखेरीला तयार होत असेल, तर श्रेयपानावर कोणता महिना टाकायचा हे प्रकाशकांशी आधीच बोला.

फेब्रुवारीत वर्ध्याला ९६वं साहित्य संमेलन होतं. रात्रभर प्रवास करून गेले आणि दिवसभर ग्रंथप्रदर्शनात प्रकाशकांच्या गाळ्यावर उभी राहिले. मी लेखिका आहे हे कुणाला सांगितलं नाही. माणसं पुस्तक कसं हातात घेतात ते पाहत होते. आधी मलपृष्ठ, मग किंमत, मग पहिलं पान. एका बाईंनी पहिलं पान उभ्याने वाचलं, उलटलं, दुसरं अर्धं वाचलं आणि पुस्तक हळूच जागेवर ठेवलं. माझी पहिली कथा दीड पान नुसत्या पावसाचं वर्णन करते. माणूस तिसऱ्या पानावर येतो. त्या बाई तिथवर पोहोचल्याच नाहीत. पुढे दोन चांगली परीक्षणं आली, पण कथेची सुरुवात कशी करावी हे मला त्या गाळ्यावर कळलं. तुम्हीही एक दिवस असे उभे राहा.

खरा आधार वाचनालयांनी दिला. राज्यातली अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागलेली आहेत आणि ‘ड’ वर्गाच्या छोट्या वाचनालयातही नेमाने पुस्तकं बदलायला येणारी माणसं असतात. अनुदानाचा हप्ता हातात आला की ग्रंथपाल खरेदीला निघतात. त्याआधी आपलं पत्र त्यांच्या टेबलावर हवं. मी जिल्ह्यातल्या चाळीस वाचनालयांना हाताने पत्रं लिहिली. सतरा ठिकाणी पुस्तक गेलं.

डिसेंबरात त्यातल्या एका तालुक्याच्या वाचनालयात गेले. माझं पुस्तक कपाटात होतं, खाकी कव्हर घातलेलं. शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीवर नऊ तारखांचे शिक्के. पान ७३ वर मुद्रितशोधनात निसटलेली चूक होती: सुशीलाची एका ओळीत सुमती झाली होती. कुणीतरी पेन्सिलीने ‘सुमती’ खोडून वर बारीक अक्षरात ‘सुशीला’ लिहिलं होतं.

ग्रंथपालकाका ओशाळले. “वाचक ऐकत नाहीत हो मॅडम,” म्हणत खोडरबर शोधू लागले.

मी म्हटलं, “काका, राहू द्या ते.”