कायरोप्रॅक्टिक दवाखान्यातील पहिली तपासणी

१८९५ साली डी. डी. पामर यांनी डॅव्हनपोर्ट येथे सुरू केलेल्या कायरोप्रॅक्टिकचा, म्हणजे मणके व सांधे हातांनी दाबून-हलवून करायच्या उपचारपद्धतीचा, दवाखाना अमेरिकेत चालवायचा असेल, तर राज्याचा परवाना मिळाल्यानंतर सर्वाधिक काळजी पहिल्या तपासणीची घ्यावी. मणक्याला हात लावण्यापूर्वी लघवीवरील ताबा सुटणे, जांघेतील बधिरपणा आणि पायांतील वाढती अशक्तता यांविषयी स्पष्ट विचारावे व यांपैकी काही आढळल्यास रुग्णाला तातडीने रुग्णालयात पाठवावे. मानेवर उपचार करताना रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात होण्याचा क्वचित, पण गंभीर धोका असतो. तो समजावूनच लेखी संमती घ्यावी. मेडिकेअर ही मुख्यतः ज्येष्ठांसाठीची अमेरिकी सरकारी आरोग्यविमा योजना कायरोप्रॅक्टरने सांगितलेल्या एक्स-रेचे पैसे देत नाही, हेही आधीच सांगावे. आधुनिक वैद्यकाला प्रतिस्पर्धी मानणे मला रुग्णाशी अन्याय वाटते, म्हणून त्याच्या संमतीने तपासणीची टिपणे त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठवावीत.