नवे फौजदारी कायदे : पोलीस ठाण्याची पायरी चढण्याआधी या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात एक मावशी माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या. बोलताना त्यांचा हात सारखा गळ्याकडे जात होता. लेकीकडून परतताना, दुसऱ्या जिल्ह्यातल्या एसटी स्टँडवर गाडीत चढायच्या गर्दीत कुणीतरी त्यांचं मंगळसूत्र हिसकावलं. घाबरलेल्या मावशी त्याच गाडीने घरी आल्या आणि दुसऱ्या दिवशी आपल्या पोलीस ठाण्यात गेल्या. तिथे सांगितलं गेलं, “हे आमच्या हद्दीत येत नाही. तिकडे जाऊन फिर्याद द्या.” तिकडे जायचं म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडणार, शिवाय भाडं. मावशी गेल्या नाहीत. आठ दिवसांनी शेजारणीने त्यांना माझ्याकडे पाठवलं, तोवर स्टँडसमोरच्या दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्रण पुसलं गेलं होतं.

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड विधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. तेव्हापासून “मॅडम, नवा कायदा काय आहे?” असं विचारणारे रोज भेटतात. मला मात्र काळजी वाटते ती न विचारणाऱ्यांची. “नवा कायदा आलाय” एवढं कुणी म्हटलं की त्यांचा पुढच्या कशावरही विश्वास बसतो, मग सांगणारा पोलीस असो, नातेवाईक असो की फोनवरचा भामटा. मावशींच्या बाजूने कायद्यात स्पष्ट तरतूद होती. ती कागदावर मागायची असते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

हद्दीचं कारण ऐकून परत फिरणं

नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, गुन्हा कुठेही घडलेला असो. याला सगळे झिरो एफआयआर म्हणतात. शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवायचा आणि कागद संबंधित ठाण्याकडे वर्ग करायचे. ही पद्धत आधीही होती, पण परिपत्रकं आणि सूचनांच्या जोरावर चालायची. आता ती थेट कायद्यात आहे. हिसकावून केलेल्या चोरीलाही न्याय संहितेत कलम ३०४ हे वेगळं कलम आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. मावशींची फिर्याद त्यांच्याच गावात, त्याच दिवशी लिहून घेता आली असती.

मग नकार मिळाला तर काय करायचं? ठाणे अंमलदाराशी वाद घालून काही हाती लागत नाही. फिर्याद स्वतः कागदावर लिहा, दोन प्रती काढा, एक द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख व सही घ्या. पोच देत नसतील तर तोच मजकूर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. तरीही हालचाल नाही झाली, तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. ही पायरी चढायची तर आधीच्या दोन्ही पायऱ्यांचा पुरावा हवा. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ जणांकडे तो नसतो. “तीनदा जाऊन आलो” असं ते कळवळून सांगतात आणि ते खरंही असतं, पण कोर्टापुढे ठेवायला एक चिटोरंही नसतं.

बलात्कार, विनयभंग, ॲसिड हल्ला यांसारख्या गुन्ह्यांत फिर्याद नोंदवायला टाळाटाळ करणाऱ्या लोकसेवकाला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरीची शिक्षा आहे. आपल्या घरातल्या, शेजारच्या बायकांना हे माहीत असायलाच हवं.

ऑनलाइन तक्रार पाठवली की काम संपलं असं समजणं

ही चूक शिकलेल्या मंडळींकडून जास्त होते. इलेक्ट्रॉनिक मार्गाने माहिती देता येते, हे खरं. पण ती देणाऱ्याने तीन दिवसांच्या आत सही केली, तरच ती नोंदीवर येते. मेल पाठवून वाट बघत बसलात तर तीन दिवस निघून जातात आणि हातात फक्त पाठवलेला मेल उरतो. पोर्टलवरून आलेला तक्रार क्रमांक म्हणजे एफआयआर नव्हे. एफआयआरला गुन्हा रजिस्टर क्रमांक असतो, कलमं असतात, आणि त्याची प्रत फिर्यादीला आणि पीडितालाही विनामूल्य मिळते. प्रत हातात घेतल्याशिवाय उठू नका. तिथेच बसून वाचा. तारीख, वेळ, ठिकाण, वस्तूचं वजन, साक्षीदारांची नावं, काही चुकलं असेल तर सहीआधी सांगा.

याच्याच जवळची एक गोष्ट. मोबाइल चोरीला गेला की अनेकांच्या हातात “गहाळ” झाल्याचा दाखला पडतो. सिमकार्ड नवीन घ्यायला तो पुरतो, म्हणून माणूस खूश होऊन घरी जातो. पण गहाळ म्हणजे हरवला, तिथे गुन्हा घडल्याची नोंदच नाही, मग तपास कशाचा होणार? खिशातून काढला असेल तर “चोरला” हाच शब्द लिहा. तसंच हातात एनसीचा कागद आला तर समजून घ्या की तो अदखलपात्र नोंदीचा आहे, न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस त्यात तपास करू शकत नाहीत.

कलमांच्या आकड्यांत अडकणं

“त्याच्यावर ४२० लावा” हे आपल्या तोंडात पिढ्यान्‌पिढ्या बसलंय. न्याय संहितेत एकूण कलमंच ३५८ आहेत. फसवणूक आता ३१८ मध्ये गेली, खून १०३ मध्ये, आणि सासरच्या छळाचं ४९८-अ हे ८५ व ८६ झालं. नव्या संहितेतलं ३०२ तर धार्मिक भावना दुखावणाऱ्या बोलण्याबद्दल आहे. भावाचा खून झालेल्या एका घरातून मला असा अर्ज आला होता की वरती “कलम ३०२ प्रमाणे” असं ठळक लिहिलेलं आणि खाली घटना कशीबशी चार ओळींत. मी तो अर्ज बाजूला ठेवला आणि सांगितलं, काय पाहिलं ते लिहा. कोण आलं, कुठून आलं, हातात काय होतं, कुणी कुणाला काय शब्द वापरले. कलम लावणं हे पोलिसांचं काम, ते चुकलं तर पुढे बदलता येतं. पण फिर्यादीत सुटलेली घटना नंतर साक्षीत आली, की उलटतपासात बचावाचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो.

घटनेची तारीखही पाहा. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्याला कलमं जुन्याच दंड विधानाची लागतात, फिर्याद आज दिली तरी. कोर्टात पडून असलेल्या जुन्या खटल्यांचंही नव्या कायद्याने काही बिघडत नाही. “आमची केस आता रद्द झाली ना?” असं विचारणारे अजूनही येतात.

मोबाइलमधला पुरावा स्वतःच्या हाताने मोडणं

यावर मी सगळ्यात जास्त बोलते, कारण हे नुकसान भरून येत नाही.

साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद कोर्टात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं. जुन्या कायद्यातही ते होतं, ६५-ब चं म्हणून ओळखलं जायचं. आता त्याचा नमुना कायद्याच्या अनुसूचीतच दिला आहे आणि त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हीत फाइलचं हॅश मूल्य लिहावं लागतं. हॅश म्हणजे त्या फाइलच्या बोटाचा ठसाच समजा. व्हिडिओचा एक क्षण कापला, तरी हा आकडा पूर्ण बदलतो.

आता आपण काय करतो ते बघा. धमकीचा मेसेज आला की स्क्रीनशॉट काढतो, तो दहा ठिकाणी पाठवतो आणि “असलं डोळ्यासमोर नको” म्हणून मूळ चॅट पुसून टाकतो. भांडणाचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवरून वकिलाला पाठवतो, त्यात तो दाबून लहान होतो, मग जागा हवी म्हणून गॅलरीतला मूळ व्हिडिओ उडवतो. सहा महिन्यांनी फोन एक्स्चेंजमध्ये देऊन टाकतो. साक्षीची वेळ येते तेव्हा हातात प्रतीची प्रत उरते. एका मुलीने नवऱ्याच्या शिव्यांचं रेकॉर्डिंग बहिणीला पाठवून आपल्या फोनमधून काढून टाकलं होतं, तो बघेल या भीतीने. तिची भीती खरी होती. अशा वेळी फोन लगेच पोलिसांकडे जमा करून पंचनामा करून घेता येतो, किंवा तो फोनच विश्वासातल्या माणसाकडे ठेवता येतो. ज्या यंत्रात रेकॉर्डिंग झालं ते यंत्र आहे तसं टिकलं पाहिजे.

दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. म्हणून घटनेच्या दिवशीच फिर्यादीत लिहा, “अमुक दुकानासमोर कॅमेरा आहे, त्याचं चित्रण जप्त करावं.”

झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करणं आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे पोलिसांवर बंधनकारक आहे. तुमच्या घरी झडती आली किंवा तुम्हाला पंच म्हणून बोलावलं, तर चित्रीकरण सुरू आहे का, एवढं विचारा.

खऱ्या नोटिशीकडे दुर्लक्ष आणि खोट्या फोनला भिणं

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची, पोलिसांपुढे हजर राहण्याची नोटीस आली की काहीजण पुण्या-मुंबईला नातेवाइकांकडे निघून जातात. असं करू नका. नोटिशीप्रमाणे हजर राहिलात तर अटकेची गरज का वाटते, याची कारणं पोलिसांना लिहून ठेवावी लागतात. पळालात तर ते कारण तुम्हीच दिलंत. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात माणूस साठीच्या पुढचा किंवा दुर्बळ असेल, तर पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीशिवाय अटक होत नाही. साक्षीदार म्हणून जबाबासाठी स्त्रीला आणि साठीवरच्या पुरुषाला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं असतं.

ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आहे. आणि “नव्या कायद्यात डिजिटल अरेस्ट आहे” म्हणून कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवणारा हमखास चोर असतो. अशी अटक कुठल्याच कायद्यात नाही. फोन ठेवा. पैसे गेलेच असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, रात्र असली तरी.

घरातलं माणूस आत असताना हातावर हात ठेवणं

“आता नव्वद दिवस पोलीस कोठडी” ही अफवा आहे. पोलीस कोठडी एकूण पंधरा दिवसांचीच, फक्त ती पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येते. त्यामुळे न्यायालयीन कोठडी झाली म्हणून निर्धास्त होऊ नका, पोलीस पुन्हा ताबा मागू शकतात. गुन्ह्याप्रमाणे साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामिनाचा हक्क मिळतो. पण तो अर्ज दोषारोपपत्र दाखल होण्याआधी द्यावा लागतो. एका दिवसाच्या उशिराने तो हक्क गेलेली माणसं मी पाहिली आहेत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेभोवती गोल करून ठेवा. आयुष्यातला पहिलाच गुन्हा असेल आणि तो फाशी किंवा जन्मठेपेचा नसेल, इतर खटलेही चालू नसतील, तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत गेल्यावर सुटका मागता येते, जुन्या खटल्यांतल्या कच्च्या कैद्यांनाही.

ड्रायव्हर मंडळींसाठी एक गोष्ट. अपघात करून पळाल्यास दहा वर्षं शिक्षा, या न्याय संहितेच्या कलम १०६ (२) वरून जानेवारी २०२४ मध्ये संप झाला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. १ जुलैला ते पोटकलम लागू केलं नाही. पण निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याची शिक्षा आता दोन वर्षांऐवजी पाच वर्षांपर्यंत आहे. जमावाची भीती वाटली तर गाडीतूनच ११२ ला कळवा आणि जवळच्या ठाण्यात जा.

मावशींची फिर्याद शेवटी आम्ही त्यांच्याच गावात नोंदवली. हद्दीचा प्रश्न पुन्हा निघाला, तेव्हा मी कलम १७३ ची छापील प्रत टेबलावर ठेवली. गुन्हा वर्ग झाला. तपासाची प्रगती नव्वद दिवसांत फिर्यादीला कळवावी लागते, म्हणून एफआयआरच्या प्रतीवर मागे मी पेन्सिलीने ती तारीख लिहून दिली. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती असते आणि फोन करायचा तर क्रमांक आहे १५१००.