भूशास्त्र की पर्यावरण? पदवी ठरवताना या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की मला ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. मी भूजलाच्या कामात आहे, विहिरी-बोअरच्या जागा पाहतो, एवढीच माझी पात्रता. प्रश्न बहुतेक वेळा आईवडिलांचा असतो: "भूशास्त्र आणि पर्यावरण, दोन्ही सारखंच ना? मग जिथे सीट मिळेल तिथे घेऊन टाकू का?" मी त्यांना उलटं विचारतो, की तीन-पाच वर्षांनी मुलगी कुठल्या नोकरीचा अर्ज भरणार आहे? फोनवर थोडा वेळ शांतता पसरते.

अर्हतेचा रकाना शेवटी वाचणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. यूपीएससीची कम्बाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षा घ्या. जिओलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियातले (जीएसआय) भूवैज्ञानिक आणि केंद्रीय भूजल मंडळातले भूजलतज्ज्ञ या परीक्षेतून निवडले जातात. तिथे पदव्युत्तर पदवी लागते, आणि तीही भूशास्त्र, उपयोजित भूशास्त्र अशा नावं घेऊन दिलेल्या विषयांतली. पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केलेल्याला भूवैज्ञानिकाच्या पदासाठी अर्ज करता येत नाही, मग गुणपत्रिकेत खडकांवरचे दोन पेपर का असेनात.

संशोधनाच्या वाटेवरही फाटा आहे. भूशास्त्रवाल्यांची नेट, म्हणजे प्राध्यापकी आणि संशोधनासाठीची पात्रता परीक्षा, सीएसआयआरची, 'अर्थ सायन्सेस' या गटातली. पर्यावरणशास्त्राची नेट यूजीसीकडे. अभ्यासक्रम वेगळा, प्रश्नांची धाटणीही वेगळी. एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेतसुद्धा भूशास्त्र-भूभौतिकीचा पेपर निराळा आणि पर्यावरणाचा निराळा.

म्हणून प्रवेश अर्जाआधी एक संध्याकाळ काढा. आवडतील अशा चार-पाच पदांच्या जुन्या जाहिराती उघडा आणि त्यातला 'शैक्षणिक अर्हता' हा परिच्छेद शब्द न् शब्द वाचा. महाविद्यालयाचं माहितीपत्रक त्यानंतर.

पर्यावरण घेऊ नका असं मी म्हणत नाही. केंद्र सरकारच्या 2006 च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय मंजुरी लागते, आणि त्यासाठी पर्यावरणावरच्या परिणामांचा आघात मूल्यांकन अहवाल तयार करणाऱ्या सल्लागार संस्था हवा, पाणी, आवाज, परिसंस्था, घनकचरा अशा प्रत्येक भागाला वेगळा तज्ज्ञ दाखवतात. त्या यादीत भूशास्त्र आणि भूजल हेही स्वतंत्र भाग आहेत. म्हणजे भूशास्त्र शिकलेल्याला पर्यावरणाच्या कामात शिरायला दार उघडं असतं. उलट दिशेनं जाताना ते तितकं सहज उघडत नाही. मन अजून ठरत नसेल तर भूशास्त्र मेजर (मुख्य विषय) आणि पर्यावरण मायनर (दुय्यम) ठेवा, असं मी सांगतो. माझा कल उघड आहे, तो हिशेबात धरूनच ऐका.

'विषय आहे' एवढ्यावर महाविद्यालय निवडणं

भूशास्त्र शिकवणारी महाविद्यालयं आपल्याकडे मोजकीच. त्यातही काही ठिकाणी पहिल्या-दुसऱ्या वर्षाला विषय असतो आणि शेवटच्या वर्षाला स्पेशल म्हणून मिळत नाही. हे तिथे पोचल्यावर कळलं तर हातात काही उरत नाही. प्रवेशाआधी विभागात जाऊन तीन गोष्टी विचारा: शेवटपर्यंत हाच विषय मेजर राहतो का, खडकांच्या पातळ चकत्या पाहायचे ध्रुवित प्रकाशाचे मायक्रोस्कोप किती विद्यार्थ्यांमागे एक, आणि वर्षाला फील्डचे दिवस किती? तिसऱ्या प्रश्नावर "सहल असते" असं उत्तर आलं तर सावध व्हा.

आणखी एक गोंधळ. पर्यावरण अभ्यासाचा जो पेपर कला-वाणिज्यच्या मुलांनाही सक्तीचा असतो, तो म्हणजे पर्यावरणशास्त्र नव्हे. त्या पेपरात चांगले गुण पडले म्हणून विषय निवडणारे मला भेटले आहेत. पुढे रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आणि संख्याशास्त्र समोर आलं, की त्यांची तारांबळ उडते.

फक्त काळा कातळ पाहून पदवी घेणं

यावर मी जरा जास्त बोलणार आहे. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग दख्खनच्या बेसाल्टखाली आहे. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे हे लाव्हाचे थर एकावर एक, बरेचसे आडवे. पुण्या-नाशिकचा विद्यार्थी तीन वर्षं हेच पाहतो. स्ट्राइक आणि डिप, म्हणजे थराची दिशा आणि उतार, मोजायला क्लिनोमीटर घेऊन जातो आणि थर जवळपास सपाट! वळ्या, प्रस्तरभंग, रूपांतरित खडक तो फक्त आकृत्यांत शिकतो. मग परीक्षेत नकाशावरून जमिनीचा उभा छेद काढायचा प्रश्न आला की कागद कोरा.

यावर उपाय प्रवासाचा. वर्धा खोऱ्यात चंद्रपूरकडे गोंडवनाचे कोळशाचे थर आहेत. नागपूर-भंडाऱ्यात मँगनीजच्या पट्ट्यात खडकांच्या जोरदार वळ्या दिसतात. गडचिरोलीत सिरोंच्याजवळ वडधमला जीवाश्म आहेत. गोव्यात लोहखनिजाचे पट्टेदार खडक. कर्नाटकात चित्रदुर्गजवळ मरडीहळ्ळीला पाण्याखाली ओतलेल्या लाव्हाच्या उशा, म्हणजे उशीसारखे गोलसर खडक, आहेत, आणि त्या आपल्या बेसाल्टशेजारी मनात ठेवून पाहिल्या तर दोन्ही नीट कळतात. विभाग नेत नसेल तर चौघं मिळून एसटीनं जा, पण आधी शिक्षकांकडून मार्ग आखून घ्या.

बेसाल्टला मात्र कमी लेखू नका. घरच्या गावातली विहीर हा फुकटचा छेद आहे. वर माती, मग मुरूम, खाली विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो मऊसर खडक, मग काळा पाषाण. पाणी कुठल्या थरातून झिरपतं ते उन्हाळ्यात काठावर उभं राहून पाहा, खोली मोजा, वहीत काढा. अशा दहा विहिरींची वही मुलाखतीत टेबलावर ठेवली तर पुढचा अर्धा तास प्रश्न त्यातूनच येतात.

गणित सोडून सुटका झाली असं समजणं

अकरावीला गणित सोडलेले पुष्कळ जण इकडे वळतात. चालतं, प्रवेश मिळतो. अडचण पुढे येते. भूजलाचा प्रवाह, भूभौतिकी, भूरसायनाची आकडेमोड सगळीकडे गणित आहे. शिवाय जॅम या प्रवेश परीक्षेतून आयआयटीत एम.एस्सी.ला जायचं तर पदवीला भूशास्त्राबरोबर कुठले विषय हवेत, याच्या अटी संस्थेगणिक वेगळ्या असतात. त्या पहिल्याच वर्षी पाहा. गणित सुटलंच असेल तर निवडीच्या विषयांत संख्याशास्त्र घ्या आणि सुट्टीत क्यूजीआयएस शिका. नकाशे बनवायचं हे सॉफ्टवेअर मोफत आहे. 1:50,000 ची टोपोशीट (डोंगर-नद्या-गावं दाखवणारे नकाशे) सर्वे ऑफ इंडियाच्या आणि भूशास्त्रीय नकाशे जीएसआयच्या भूकोश या संकेतस्थळावर मिळतात. स्वतःच्या तालुक्याचा नकाशा करून बघा.

चौथं वर्ष

नव्या शैक्षणिक धोरणात ऑनर्सचं चौथं वर्ष आलं, त्यावरून घरोघरी वाद चालू आहेत. माझं मत थोडक्यात: जिथे जाहिरातीत 'पदव्युत्तर पदवी' लिहिलंय तिथे चार वर्षांची पदवी पुरत नाही. चौथं वर्ष केलंत तरी एम.एस्सी. करायचीच आहे, हे धरून वर्षं मोजा.

"मुलीला हे क्षेत्र नको"

हेही ऐकतो. खाणीच्या कामावरची जुनी बंधनं 2019 साली शिथिल झाली आणि अटींसह जमिनीखालच्या खाणीतही दिवसपाळीत महिलांना काम करता येऊ लागलं. आणि भूशास्त्र म्हणजे फक्त खाण नाही. माझ्याबरोबर भूजलाचं सर्वेक्षण करणाऱ्या दोघी माझ्यापेक्षा जास्त डोंगर चढतात.

दुसऱ्या वर्षात अडकलात तर

बहुतेकांची गाडी प्रकाशीय खनिजशास्त्रात रुतते. मायक्रोस्कोपखाली सगळं करडं दिसतं आणि मुलं रंग पाठ करायला लागतात. तसं करू नका. क्वार्ट्झ, प्लॅजिओक्लेज आणि ऑगाइट ही तीनच खनिजं घ्या, आठवडाभर रोज अर्धा तास मायक्रोस्कोपची स्टेज, म्हणजे गोल तबकडी, फिरवत राहा आणि दिसेल ते पेन्सिलनं काढा. भौतिकशास्त्रातला ध्रुवीकरणाचा धडा शेजारी उघडा ठेवा.

विषयच चुकलाय असं वाटत असेल तर तिसऱ्या वर्षाची वाट पाहू नका. मेजर-मायनर बदलण्याचे नियम आणि मुदत विद्यापीठाच्या परिपत्रकात असते. ते विभागाच्या कार्यालयातून लेखी घ्या, मित्रांच्या ग्रुपवरून नको.

आणि पहिल्या फील्डला गवंड्याची हातोडी नेऊ नका. बेसाल्टवर तिच्या कपच्या उडतात. भूशास्त्राची हातोडी आणि डोळ्यांच्या संरक्षणासाठी साधा सेफ्टी गॉगल घ्या. घोट्यापर्यंतचे बूट आधी पंधरा दिवस घरात घालून मऊ करा.