मिठाच्या पाण्यात पाय बुडवताना या चुका टाळा

थंडी पडली की टाचा फुटायला लागतात, रात्री पांघरुणाला अडकतात, आणि मग घरोघरी संध्याकाळी टबात गरम पाणी ओतून त्यात मूठभर मीठ पडतं. उपाय जुना आहे, स्वस्त आहे आणि नीट केला तर गुणही येतो. तरी पुष्कळ जणी सांगतात की महिनाभर पाय बुडवूनही भेगा तशाच आहेत, उलट पाय जास्तच खरखरीत झाले. अशा वेळी मी एकच विचारते: पाय पाण्यातून काढल्यावर काय करता? बहुतेकींचं उत्तर असतं, पुसते आणि कामाला लागते. सगळं तिथेच बिघडतं.

तळपायाच्या कातडीत घामाच्या ग्रंथी भरपूर असतात, पण तेल तयार करणारी एकही ग्रंथी नसते. तोंडाला, डोक्याला आपसूक तेलकटपणा मिळतो, तळपायाला तो वरूनच द्यावा लागतो. तो मिळाला नाही की टाचेच्या कडेला कातडी जाड, पिवळट आणि कडक होत जाते. उभं राहिलं की टाचेखालची चरबीची गादी वजनाने बाजूला पसरते. मऊ कातडी तिच्याबरोबर ताणली जाते, ही कडक कड मात्र ताणत नाही, ती फुटते. तीच भेग. दिवसभर ओट्याशी किंवा दुकानात उभ्या असणाऱ्या बायकांच्या टाचा लवकर फुटतात त्या यामुळेच.

म्हणजे कामं तीन आहेत: कड मऊ करायची, ती थोडी थोडी उतरवायची, आणि कातडीत शिरलेलं पाणी तिथेच कोंडून ठेवायचं. पहिलं काम पाणी करतं. मिठाने पाय स्वच्छ होतात, हलके वाटतात, पण मीठ भेग भरून काढत नाही. उरलेली दोन कामं आपली.

मधुमेह असेल तर पाय भिजवूच नका

हे सगळ्यात आधी सांगायला हवं, कारण घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी हौसेने पाणी गरम करणारी माणसंच इथे चुकतात. मधुमेहात पायाची संवेदना हळूहळू कमी होते आणि ते त्या माणसाला कळतही नाही. पाणी पोळतंय हे पाय सांगत नाही. फोड आला तर दुसऱ्या दिवशी दिसतो, आणि मधुमेही पायाची जखम भरायला फार वेळ लागतो. भिजून पांढरी पडलेली कातडीही लगेच फाटते. अशांनी पाय नुसते कोमट पाण्याने धुवावेत, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, टाचेला आणि तळव्याला मलम लावावं, आणि भेगा डॉक्टरांना दाखवाव्यात. पायातलं रक्ताभिसरण कमी असलेल्यांनाही हेच लागू आहे.

मूठभर नव्हे, मोजून मीठ

चार लिटर कोमट पाण्याला सपाट भरलेले दोन मोठे चमचे मीठ पुरतं. एवढ्याने पाण्याचा खारटपणा साधारण सलाइनइतका, म्हणजे लिटरला 9 ग्रॅमच्या आसपास येतो आणि कातडीला त्रास होत नाही. त्याच पाण्यात भरलेली वाटी ओतली की समुद्राच्याही पुढे जातं. असं पाणी कातडीतला ओलावा शोषून घेतं, आणि भेग उघडी असेल तर जी आग होते ती सोसण्यात काहीच फायदा नाही. "झोंबतंय म्हणजे गुण येतोय" हा समज मनातून काढून टाका. झोंबतंय म्हणजे कातडी फाटलेली आहे.

जाडं मीठ, सैंधव, एप्सम सॉल्ट यांपैकी घरात असेल ते चालतं. एप्सम सॉल्टमधलं मॅग्नेशियम कातडीतून अंगात भरपूर जातं म्हणून महाग पाकीट घेत असाल तर घेऊ नका, त्याला भक्कम आधार नाही. खडेमीठ मात्र पूर्ण विरघळू द्या. बुडाशी राहिलेले टोकदार खडे पायाने चोळले की बारीक ओरखडे उठतात, आणि मग पुढचे दोन दिवस प्रत्येक साबण लागतो.

याच पाण्यात खायचा सोडा, लिंबू, शाम्पू असं सगळं एकदम घालायची पद्धत आहे. सोड्याने आणि लिंबाने पाय तेवढ्यापुरते गुळगुळीत लागतात, पण कातडीचं स्वतःचं संरक्षक आवरण बिघडतं. पाणी आणि मीठ, बस्स.

गरम पाणी, अर्धा तास

पाणी कोमट हवं. हाताचं कोपर बुडवून बघा, तिथे सुखावह वाटलं तर पायालाही चालेल. वेळ दहा मिनिटं, फार तर पंधरा. टीव्ही बघता बघता अर्धा-पाऊण तास पाय पाण्यात राहिले की कातडीतले ओलावा धरून ठेवणारे घटकच धुऊन जातात, आणि पाय वाळल्यावर आधीपेक्षा कोरडे पडतात. बोटांची टोकं सुरकुतू लागली की पाय बाहेर काढा. आठवड्यातून दोनदा भिजवणं पुरे, रोज नको.

भातलावणीला चिखलात दिवसभर उभ्या राहणाऱ्यांनी तर पावसाळ्यात पाय भिजवण्याच्या फंदात पडू नये. त्यांची कातडी आधीच ओली राहून राहून सोललेली असते. त्यांना घरी आल्यावर साध्या पाण्याने धुणं, बेचक्या कोरड्या करणं आणि टाचेला जाड मलम लावणं एवढंच लागतं.

वजरीने रक्त येईपर्यंत घासणं

भिजलेली टाच नीट बघा. वरचा थर पांढरट, फुगलेला दिसतो. वजरी किंवा टाच घासायचा सच्छिद्र दगड हलक्या हाताने, एकाच दिशेने फिरवला की राखाडी पापुद्रे वळून निघतात. ते निघायचे थांबले की हातही थांबवा. खाली गुलाबी, दुखरी कातडी दिसेपर्यंत घासलं तर शरीर ती जागा वाचवायला आणखी जाड थर चढवतं. कड एका बैठकीत उतरत नाही, तिला काही आठवडे द्यावे लागतात.

ब्लेडने किंवा नखं कापायच्या यंत्राने कडा कापू नका. भेगेच्या कडेला लोंबणारं कातडं ओढून काढायचा मोह होतो, पण ते खालच्या ताज्या कातडीसकट निघतं आणि रक्त येतं. ओढू नका, लोंबणारं टोक तेवढं स्वच्छ कात्रीने छाटा. रक्त येणाऱ्या भेगेवर वजरी अजिबात नको. ती भरेपर्यंत मीठही नको.

मलमाची वेळ चुकवणं

पाय टॉवेलने टिपून घ्या, घासून पुसू नका, आणि दोन-तीन मिनिटांच्या आत मलम लावा. कातडी किंचित दमट असतानाच. वाळल्यावर लावलेलं मलम कोरडेपणावर नुसतं झाकण घालतं.

काय लावायचं? पेट्रोलियम जेली सगळ्यात स्वस्त आणि भरवशाची. कोकणात आणि गोव्यात भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, पिढ्यान्‌पिढ्या यासाठीच वापरतात. ते घट्ट गोळ्यासारखं मिळतं, वितळवून जरा निवल्यावर भेगेत भरायचं. उकळतं तेल भेगेत ओतायची जुनी रीत मात्र सोडून द्या, त्याने भाजतं. कड फारच जाड असेल तर औषधाच्या दुकानात युरिया असलेलं क्रीम मागा. रोजच्या खरखरीतपणाला 10 टक्के, जाड टाचेला 20 ते 25 टक्के. युरिया पाणी धरून ठेवतं आणि जाड थर सैलही करतं. उघड्या भेगेला ते चुरचुरतं, तिथे जेलीच बरी.

त्यावर सुती मोजे घालून झोपा. मोज्यांमुळे मलम पांघरुणाला पुसलं जात नाही, पण मोजे घालूनही फरशीवर पाय घसरतो, म्हणून सगळी कामं उरकल्यावर, अगदी झोपतानाच हे करा. बोटांच्या बेचक्यांत मलम घालू नका, तिथे ओल साठते आणि चिखल्या होतात. आणि हे रोज रात्रीचं काम आहे, भिजवायच्या दिवसापुरतं नाही. टबाचा कंटाळा आला तर टब सोडा, मलम सोडू नका.

घरात कडक फरशीवर अनवाणी आणि बाहेर मागून उघड्या, पातळ सपाता, असं चालू राहिलं तर टाच पसरतच राहणार. घरात मऊ चप्पल आणि बाहेर टाच धरून ठेवणारी पादत्राणं घातली की फरक दिसतो.

सगळं नीट करूनही फरक नाही?

तीन-चार आठवड्यांत टाच नरम पडायला हवी. नाही पडली तर कारण बहुधा दुसरं आहे. एकाच पायाला जास्त त्रास, तळव्याच्या रेषांत पिठासारखा पांढरा कोंडा, बेचक्यांत खाज, नखं पिवळी आणि जाड, असं असेल तर बुरशीचा संसर्ग असू शकतो, आणि तो मिठाने जात नाही. लाल चट्टे आणि त्यावर चंदेरी खवले कोपर-गुडघ्यांवरही असतील तर सोरायसिसची शंका घ्यावी. थकवा, वाढतं वजन, गळणारे केस यांच्या जोडीने सगळीच त्वचा कोरडी पडली असेल तर थायरॉइडची तपासणी करून घ्या.

भेगेभोवती लाली, सूज, गरमपणा किंवा पू दिसला तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. शेतात मातीत काम असेल आणि भेगा खोल असतील तर धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही सांगा. त्वचारोगतज्ज्ञाकडे बुरशीच्या शंकेने जात असाल तर आधीचे दोन दिवस टाच घासू नका आणि काही लावू नका. तिथले पापुद्रे खरवडून तपासता येतात, आणि ते तपासायला शिल्लक असावे लागतात.