तीन सटरफटर देऊन एक हिरा: एनएचएलचे ट्रेड सुचवताना या चुका टाळा

एनएचएल ही उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची लीग. तिथे संघ सलग सहा सामने हरला की चाहत्यांच्या डोक्यात ट्रेड, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदली, शिजायला लागतात. टोरांटो-न्यू जर्सीतले मराठी चाहते असोत, नाहीतर मार्चमध्ये ट्रेडच्या डेडलाइनला रात्री दीडपर्यंत पुण्यात जागणारे (तिकडचे दुपारचे तीन), चुका त्याच त्या. गोष्ट बर्फावरच्या हॉकीची आहे, आणि बहुतेक सगळ्या चुकांचं मूळ एकच: लोक खेळाडूंची नावं तोलतात, करार तोलत नाहीत. एनएचएलमध्ये खेळाडूबरोबर त्याचा पगार, उरलेली वर्षं आणि अटी असं सगळं बिऱ्हाड येतं.

‘रिटेन’चा आयपीएलमधला अर्थ इथे लावणं

आयपीएलमध्ये खेळाडू रिटेन केला म्हणजे तो संघातच राहिला. एनएचएलमध्ये खेळाडू जातो आणि त्याच्या पगाराचा काही भाग मागे राहतो, त्याला रिटेन्शन म्हणतात. कमाल ५० टक्के. एका संघावर एका वेळी असे तीनच करार असू शकतात, आणि सगळं मिळून ओझं पगारमर्यादेच्या, म्हणजे कॅपच्या, १५ टक्क्यांपुढे जाऊ शकत नाही. २०२५-२६ ची कॅप ९ कोटी ५५ लाख डॉलर होती. हे ओझं करार संपेपर्यंत राहतं, हेच लोक विसरतात. मोसमाअखेर संपणाऱ्या करारावर ५० टक्के ठेवून घ्यायला कुणीही तयार होतो, कारण त्या बदल्यात एखादा जास्तीचा पिक, म्हणजे दरवर्षीच्या ड्राफ्टमध्ये नवा तरुण खेळाडू निवडण्याचा हक्क, मिळतो. सहा वर्षं उरलेल्या करारावर ‘निम्मा पगार ठेवून घ्या आणि विका’ असं सुचवणाऱ्याने सहा वर्षांसाठी तीनपैकी एक जागा अडवली, एवढंच केलं.

चार साधे मिळून एक मोठा होतो, असा हिशेब

ही सगळ्यात लाडकी चूक. दुसऱ्या फळीचा (एकत्र बर्फावर उतरणाऱ्या आक्रमकांच्या गटाचा) एक फॉरवर्ड, तिसऱ्या फळीचा एक, एक होतकरू पोरगा आणि दुसऱ्या फेरीचा पिक, अशी बेरीज करून समोरच्याचा पहिल्या फळीचा सेंटर, म्हणजे फळीतला मधला खेळाडू, मागायचा. आपला संघ विकणारा असेल तर उलट: ‘एक गेला पण पाच आले’ म्हणून टाळ्या.

ही बेरीज का चुकते ते मैदानातच दिसतं. सामन्याला १८ खेळाडू आणि २ गोली पोशाख चढवतात. पहिल्या फळीचा सेंटर रात्रीतून वीसेक मिनिटं खेळतो, समोरच्याच्या सर्वोत्तम फळीविरुद्ध उभा राहतो, पॉवर प्लेवर (समोरचा खेळाडू पेनल्टीमुळे बाहेर असताना) असतो, आपली पेनल्टी असताना फेसऑफ (पक टाकून खेळ सुरू होतो तेव्हाची झटापट) घेतो. त्याच्या बदल्यात आलेले तिघे त्याची वीस मिनिटं वाटून घेऊ शकत नाहीत, कारण पहिल्या सेंटरची जागा एकच असते. ते तिघे खालच्या फळ्यांत बसतात, तिथले तीन बाहेर जातात, आणि वरची जागा रिकामीच राहते.

याचा जिवंत पुरावा १ जुलै २०१८ चा. बफलो सेबर्स आदल्या मोसमात लीगमध्ये शेवटचे होते, ६२ गुण. त्यांनी सेंटर रायन ओ'रायली सेंट लुईस ब्लूजला दिला. त्याचा करार वर्षाला ७५ लाख डॉलरचा, पाच वर्षं उरलेला. शिवाय त्याच दिवशी ७५ लाखांचा बोनस देय होता, तो सेंट लुईसने भरला. बदल्यात आले पॅट्रिक बर्गलंड, व्लादिमीर सोबोटका, वीस वर्षांचा टेज थॉम्प्सन, २०१९ चा पहिल्या फेरीचा पिक आणि २०२१ चा दुसऱ्या फेरीचा. यादी लांबलचक, वाचायला भरगच्च.

पुढे काय झालं ते क्रमाने बघा. बर्गलंडचा करार त्याच डिसेंबरमध्ये रद्द झाला. सोबोटका खालच्या फळीत राहिला आणि दोन मोसमांत विषय संपला. बफलोने नोव्हेंबरमध्ये सलग दहा सामने जिंकले, चाहते हवेत गेले, आणि एप्रिलमध्ये प्लेऑफ नाहीच. जानेवारी २०१९ च्या सुरुवातीला सेंट लुईस लीगमध्ये तळाला होता, तेव्हा त्यांच्या पिकवर बफलोत मांडे भाजले जात होते. तो पिक पहिल्या दहात आला तर त्या वर्षी मिळणारच नाही, ही अट कुणी वाचली नव्हती. जूनमध्ये त्याच सेंट लुईसने स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, उचलला, ओ'रायलीला प्लेऑफच्या सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्माइथ ट्रॉफी मिळाली, आणि बफलोच्या हाती पडला तो पिक ३१ वा. फेरीतला अगदी शेवटचा.

आता कुणीतरी म्हणणारच, ‘पण थॉम्प्सन?’ बरोबर. त्याने २०२२-२३ मध्ये ४७ गोल मारले. पण त्यासाठी त्याला विंगवरून सेंटरला आणावं लागलं आणि ट्रेडनंतर तीन-चार वर्षं जावी लागली. म्हणजे पाच वस्तूंच्या ढिगात खरी वस्तू एकच होती, आणि तीही उशिरा पिकली. संघ २०११ नंतर प्लेऑफला गेला नव्हता आणि २०२५ पर्यंत गेलाच नाही.

म्हणून ट्रेड तपासताना दोन्ही बाजूंची फक्त सर्वोत्तम वस्तू ठेवा, बाकी सगळ्यावर हात झाका. सर्वोत्तम वस्तू कुणाकडे चालली? तुमच्याकडून जात असेल तर बदल्यात येणाऱ्यांपैकी एकाकडे तरी तिथवर पोचण्याची कुवत हवी, आणि त्याचं वय तुमच्या रिबिल्डच्या, म्हणजे संघ नव्याने उभारण्याच्या, वेळापत्रकात बसायला हवं. ढिगातल्या तिसऱ्या-चौथ्या नावावर वाद घालणं म्हणजे मेथीच्या जुडीबरोबर फुकट आलेल्या कोथिंबिरीवरून भांडणं.

एका वर्षाचं दुखणं घालवायला सहा वर्षांचं घेणं

घाई झालेल्यांची ही खास चूक. ‘वाईट करार आधी घालवा, मग बघू.’ घालवायचे कुठे, कसे, आणि मुख्य म्हणजे ते कधी आपोआप संपणार आहेत, हे बघायला वेळ नसतो.

२३ जुलै २०२१. व्हँकुव्हर कॅनक्सकडे तीन नकोसे करार होते: लुई एरिक्सन ६० लाख, जे बीगल ३० लाख, आंत्वान रूसेल ३० लाख. एकूण १ कोटी २० लाख डॉलर, आणि तिन्ही करार पुढच्या उन्हाळ्यात संपणार होते. काहीही न करता, हातावर हात ठेवून बसलं असतं तरी. त्याऐवजी तिघांना ॲरिझोनाकडे पाठवलं. सोबत त्या वर्षीचा नववा पिक, २०२२ चा दुसऱ्या फेरीचा आणि २०२३ चा सातव्या फेरीचा पिक. आला कॉनर गार्लंड, जो खरोखर कामाचा निघाला, आणि आला बचावपटू ऑलिव्हर एकमन-लार्सन: वर्षाला ८२ लाख ५० हजारांचा करार, सहा वर्षं उरलेला. ॲरिझोनाने १२ टक्के ठेवून घेतले, तरी व्हँकुव्हरच्या डोक्यावर ७२ लाख ६० हजार.

दोन मोसमांत व्हँकुव्हरला एकमन-लार्सनचा करार बायआउट करावा, म्हणजे पैसे देऊन मोडावा लागला. बायआउटचं गणित असं: खेळाडू २६ किंवा त्याहून मोठा असेल तर उरलेल्या मूळ पगाराचे दोन तृतीयांश द्यायचे, आणि तेही उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळात. चार वर्षं उरली होती, म्हणून भार आठ वर्षं, २०३०-३१ पर्यंत. पहिल्या वर्षी जेमतेम दीड लाख, म्हणून सगळे खूश. २०२५-२६ ला तोच आकडा ४७ लाखांच्या वर. त्याच मोसमात एकमन-लार्सन टोरांटोकडून ३५ लाखांत खेळत होता. म्हणजे जो त्याला खेळवत होता त्याच्यापेक्षा, जो खेळवत नव्हता त्याच्या कॅपवर त्याचा भार जास्त. मधल्या काळात, २०२४ मध्ये, तो फ्लोरिडासोबत कपही जिंकून बसला. आणि तो नववा पिक? डिलन गेंथर. ॲरिझोनाचा संघ युटाला गेल्यावर २०२४ मध्ये युटाचा पहिलावहिला गोल त्यानेच मारला.

इथे उपाय म्हणाल तर आळस. नकोसा करार दिसला की आधी त्याची शेवटची तारीख बघा. एक वर्ष उरलं असेल तर हात लावू नका. रिबिल्ड करणाऱ्या संघाला ती कॅप त्या वर्षी लागणारही नसते. दोन वर्षं उरली असतील तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबा, किंमत कमी पडते. तीन किंवा जास्त असतील तरच पिक चिकटवून घालवायचा विचार करा. आणि बायआउट सुचवण्याआधी पगारात साइनिंग बोनस किती आहे ते बघा, कारण बायआउटने बोनसचा एक पैसाही कमी होत नाही.

‘मग एएचएलला (खालच्या लीगला) पाठवा ना’ हाही एक लाडका तोडगा. २०२५-२६ च्या नियमाने खाली पाठवल्यावर कॅपमधून फक्त ११ लाख ५० हजार सुटतात. ६० लाखांचा खेळाडू खाली पाठवलात तर ४८ लाख ५० हजार वरच राहतात, आणि तो खेळाडू दुसऱ्या शहरात बसमधून फिरतो.

‘शेवटचे येऊ, पहिला पिक घेऊ’

ड्राफ्टमधले पहिले पिक सोडतीने ठरतात, आणि शेवटच्या संघाला पहिला पिक मिळण्याची शक्यता २५.५ टक्के आहे. चारातून एकदा. थेट १८.५, आणि उरलेले ७ टक्के अशासाठी की तळापासून १२ व्या ते १६ व्या क्रमांकाचा संघ सोडत जिंकला तरी दहाच जागा वर सरकू शकतो, मग पहिला पिक तळाच्या संघालाच जातो. शेवटचा संघ तिसऱ्या क्रमांकापर्यंत घसरू शकतो. २०२३ मध्ये, सगळ्यांना हवा असलेला कॉनर बेडार्ड ड्राफ्टमध्ये होता त्या वर्षी, ॲनाहाइम शेवटचा, पहिला पिक गेला शिकागोला. २०२५ मध्ये सॅन होजे शेवटचा, आणि ३.५ टक्के शक्यता असलेल्या न्यूयॉर्क आयलंडर्सनी दहाव्या जागेवरून उडी मारली. २०१७ मध्ये, जुन्या नियमांत, ४८ गुणांचा कोलोरॅडो चौथ्या क्रमांकावर फेकला गेला. त्यांनी चौथा म्हणून केल मकार घेतला, जो पुढे लीगमधला अव्वल बचावपटू ठरला. मुद्दाम हरण्याचे बेत आखणाऱ्यांनी तो वेळ चौथ्या ते दहाव्या पिकमधली पोरं बघण्यात घालवावा.

‘आत्ताच विका, भाव पडतोय’

त्याच कोलोरॅडोचा सेंटर मॅट डुशेन. त्याला जायचं होतं, सगळ्यांना माहीत होतं, उन्हाळा गेला, मोसम सुरू झाला, आणि चाहते संघाचा जनरल मॅनेजर जो सॅकिक याच्या नावाने खडे फोडत होते. ५ नोव्हेंबर २०१७ ला सामना सुरू असतानाच डुशेनला बर्फावरून बोलावून घेतलं: तीन संघांचा ट्रेड. कोलोरॅडोला नॅशव्हिलकडून सॅम्युएल जिरार्ड आणि ओटावाकडून पहिल्या फेरीचा पिक, शिवाय आणखी बरंच. ओटावा त्याच वर्षी पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत सातव्या सामन्यापर्यंत गेलेला, म्हणून पिक उशिराचा येणार असं सगळे धरून चालले. ओटावा कोसळला. अटीप्रमाणे २०१८ चा पिक पहिल्या दहात आल्याने त्यांनी तो ठेवला आणि चौथा म्हणून ब्रेडी टकाचुक घेतला. २०१९ चा द्यावाच लागला, तोही चौथा. त्यावर बोवेन बायरम आला आणि २०२२ चा कप कोलोरॅडोचा.

दुसऱ्याचा पिक घेताना त्या संघाचा आजचा क्रमांक बघू नका. त्यांच्या गोलीचं वय आणि पुढच्या उन्हाळ्यात संपणारे करार बघा.

किरकोळ, पण रोजच्या

नो-मूव्ह आणि नो-ट्रेड अटी (खेळाडूच्या संमतीशिवाय त्याला हलवता न येण्याच्या) न बघता खेळाडू भारतातल्या बदलीसारखा कुठेही पाठवणं. बहुतेक अटी २७ व्या वर्षानंतरच्या काळात लागू होतात, म्हणजे तुम्हाला विकायचे असतात नेमके तेच खेळाडू अडतात.

एका संघाचे जास्तीत जास्त ५० करार. एकाला पाच घेताना आधी मोजा.

एका मोसमातला गोलांचा स्फोट. लीगमध्ये साधारण दहातला एक शॉट आत जातो. तुमचा तिसऱ्या फळीचा विंगर पाचातला एक मारत असेल तर त्याला विका, लांबचा करार देऊ नका.

करार संपलेला तरुण रिस्ट्रिक्टेड (दुसऱ्याच्या बोलीशी बरोबरी करून जुना संघ त्याला ठेवू शकतो असा) म्हणून ‘कुठे जातोय’ असं समजणं. ऑगस्ट २०२४ मध्ये सेंट लुईसने ऑफर शीट, म्हणजे अशी बोली, देऊन एडमंटनचे ब्रोबर्ग आणि हॉलोवे दोघे एकदम नेले. भरपाई दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीचा एकेक पिक.

डेडलाइनला ‘कॅपमध्ये जागाच नाही’ म्हणणं. कॅप रोजच्या हिशेबाने मोजतात. मोसमभर १० लाख शिल्लक ठेवणारा संघ मार्चमध्ये त्याच्या चार-पाच पट वार्षिक पगाराचा खेळाडू बसवू शकतो.

कॅपफ्रेंडली या करार-पगार दाखवणाऱ्या साइटचे जुने स्क्रीनशॉट. ती साइट वॉशिंग्टन कॅपिटल्सनी विकत घेतली आणि २०२४ च्या जुलैत ती बंद झाली. तसलीच दुसरी साइट, पकपीडिया, उघडा, आणि उघडल्यावर बोनसचा रकानाही वाचा.

गोलीवर छातीठोक बोलणं. सर्गेई बोब्रोव्स्कीचा सात वर्षांचा, वर्षाला १ कोटी डॉलरचा २०१९ मधला करार कित्येकांनी मोडीत काढला होता. फ्लोरिडाने २०२४ आणि २०२५ चे कप त्यालाच जाळ्यासमोर उभं करून जिंकले.