लोकसभा मतदारसंघाच्या निकालांची वही कशी बांधावी: सांगली आणि शेजारचा सातारा

सांगलीची लोकसभा १९६२ ते २०१४ काँग्रेसकडे होती, हे वाक्य पारावर, प्रचारात, वर्तमानपत्रात सारखं ऐकू येतं. ते बरोबर आहे. पण त्या काळात 'सांगली' या नावाखाली येणारी गावं तीच राहिली नव्हती, आणि निकालांची वही बांधायला बसलेला माणूस पहिल्यांदा इथेच फसतो. तो सगळ्या निवडणुकांचे आकडे एकाखाली एक लिहितो, रेषा काढतो आणि दोन वेगळ्या भूभागांची तुलना करून मोकळा होतो. म्हणून आधी हद्द, मग आकडे.

हद्द

वहीचे पाच कप्पे करा: १९५१-५२, १९५७ ते १९६२, १९६७ ते १९७१, १९७७ ते २००४ आणि २००९ पासून पुढे. प्रत्येक कप्प्यामागे एक परिसीमन (मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखणं) किंवा राज्याची फेररचना आहे. एका कप्प्यातल्या निवडणुका एकमेकींशी ताडता येतात. कप्पा ओलांडताना कागदावर जाड रेघ मारा आणि रेघेपलीकडची तुलना फक्त टक्केवारीत करा, तीही जपून.

पहिल्या दोन कप्प्यांत जुनी नावं शोधावी लागतात. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये सातारा जिल्हा दुभंगून, सांगली, मिरज, जत ही संस्थानं विलीन झाल्यावर झाला. त्याचं नाव होतं दक्षिण सातारा. 'सांगली' हे नाव १९६० मध्ये आलं. महाराष्ट्र राज्यही १ मे १९६० चं. त्यामुळे निवडणूक आयोगाच्या सांख्यिकी अहवालांत पहिल्या दोन निवडणुका 'मुंबई' राज्याखाली आहेत. महाराष्ट्राच्या यादीत सांगली सापडत नाही म्हणून पान कोरं सोडू नका.

शेवटचा कप्पा सगळ्यात कामाचा. २००८ च्या परिसीमन आदेशानुसार सांगली लोकसभेत (क्रमांक ४४) सहा विधानसभा येतात: २८१ मिरज (अनुसूचित जाती), २८२ सांगली, २८५ पलूस-कडेगाव, २८६ खानापूर, २८७ तासगाव-कवठे महांकाळ आणि २८८ जत. मधले २८३ इस्लामपूर आणि २८४ शिराळा जिल्ह्यात असूनही हातकणंगले लोकसभेत (क्रमांक ४८) मोजले जातात. जिल्ह्याचा आकडा म्हणजे मतदारसंघाचा आकडा नव्हे, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. साताऱ्यातही (क्रमांक ४५) तसंच: वाई, कोरेगाव, कराड उत्तर, कराड दक्षिण, पाटण, सातारा आत, फलटण आणि माण माढा लोकसभेत. कराड ही स्वतंत्र लोकसभा २००४ पर्यंत होती, २००९ ला ती राहिली नाही. म्हणून २००४ चा सातारा आणि २००९ चा सातारा एका रेषेत जोडणं चूकच.

विधानसभेच्या नावांतही उलथापालथ झाली. भिलवडी-वांगी गेला, पलूस-कडेगाव आला. तासगाव आणि कवठे महांकाळ एक झाले. वाळव्याच्या जागी इस्लामपूर आला. २००४ च्या कागदात पलूस-कडेगाव शोधून मिळणार नाही.

शहरी भागात हद्द लावणं जास्त किचकट. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका (१९९८) दोन विधानसभांत विभागली आहे. आदेशातली हद्द महसूल मंडळ, सजा (तलाठ्याचं कार्यक्षेत्र) आणि वॉर्ड क्रमांकांत दिलेली असते, आणि परिसीमन २००१ च्या जनगणनेवर झाल्यामुळे ते वॉर्डही त्या वेळचे. आजच्या महापालिका प्रभागाशी त्यांचा मेळ बसत नाही. उपनगरातली वसाहत मिरजेत की सांगलीत, हे प्रभागावरून ठरवू नका. तिथल्या मतदार यादीच्या भागाच्या पहिल्या पानावर विधानसभेचा क्रमांक छापलेला असतो, तो बघा.

कुठले कागद गोळा करायचे

तीन थर आहेत. वरचा थर म्हणजे आयोगाचे सांख्यिकी अहवाल: उमेदवार, पक्ष, मतं, एकूण मतदार, झालेलं मतदान. १९५१ पासूनचे अहवाल आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतात. मधला थर म्हणजे विधानसभानिहाय मतं. तळाचा थर म्हणजे फॉर्म २०, म्हणजे अंतिम निकालपत्रक. यात एकेका मतदान केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते असतं. महाराष्ट्राच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर अलीकडच्या निवडणुकांचे फॉर्म २० आहेत. तिथे नसलेल्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या निवडणूक शाखेत माहिती अधिकाराचा अर्ज करा: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला तीस दिवस. अर्जात 'निवडणुकीची सर्व माहिती' असं लिहिलंत की अर्ज लोंबकळतो. निवडणुकीचं वर्ष, लोकसभा क्रमांक, विधानसभा क्रमांक आणि 'फॉर्म २० ची प्रत' एवढंच लिहा. फॉर्म १७ ए, म्हणजे कोण मतदानाला आलं त्याची नोंदवही, मागू नका. ती सीलबंद असते.

पोटनिवडणुका सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात नसतात. म्हणून अनेकांच्या यादीतून १९८३ च्या शालिनीताई पाटील गळतात (वसंतदादा मुख्यमंत्री झाल्यावर जागा रिकामी झाली होती) आणि प्रकाशबापू पाटलांच्या निधनानंतर निवडून आलेले प्रतीक पाटील थेट २००९ ला उगवतात. पाच वर्षांच्या मधे खासदार बदललेला दिसला की पोटनिवडणुकीचा कागद वेगळा शोधायचा. जुन्या पोटनिवडणुकांसाठी नगर वाचनालयातल्या वर्तमानपत्रांच्या फायली उपयोगी पडतात, पण निकालाच्या दुसऱ्या दिवशीचा अंक नको; तिसऱ्या-चौथ्या दिवशीचा घ्या. पहिल्या दिवशीचे आकडे बहुधा शेवटच्या फेरीआधीचे असतात.

तक्ता कसा आखायचा

एका ओळीत एक उमेदवार, एक निवडणूक. रकाने: तारीख, सार्वत्रिक की पोट, हद्दीचा कप्पा, उमेदवार, पक्ष (त्या दिवशीचा), चिन्ह, मतं, एकूण वैध मतं, नोटा ('यांपैकी कोणीही नाही'), टपाली मतं, एकूण मतदार. टक्केवारी हाताने भरू नका, सूत्राने काढा. आडनावावरून उमेदवार जुळवाल तर सांगलीत पहिल्या तासातच डोकं धराल. पाटलांची रांग संपत नाही. शिवाय आयोग कधी आडनाव आधी छापतो, कधी नाव, कधी कंसात 'काका', 'बापू'. प्रत्येक माणसाला स्वतःचा एक क्रमांक द्या.

पक्षाच्या रकान्यात सगळ्यात जास्त चुका होतात. यशवंतराव चव्हाण साताऱ्यातून १९६७, १९७१, १९७७ आणि १९८० असे चारदा निवडून आले, पण १९८० ला ते काँग्रेस (अर्स) या इंदिरा काँग्रेसविरोधी गटाकडून होते. सरसकट 'काँग्रेस' लिहिलंत तर त्या वर्षीची खरी लढतच पुसली जाते. सांगलीत २०१९ ला आघाडीने जागा स्वाभिमानी पक्षाला दिली आणि २०२४ ला शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाला. दोन्ही वेळा मतपत्रिकेवर काँग्रेसचा हात नव्हता. तक्त्यात तिथे शून्य नाही, रिकामी जागा हवी. शून्य टाकलं की आलेखात काँग्रेस पाताळात गेलेली दिसते, आणि त्यावर कुणीतरी लेखही लिहून टाकतो.

आकडे वाचायचे कसे

सांगलीचे शेवटचे चार निकाल:

२००९: प्रतीक पाटील (काँग्रेस) ३,७८,६२०, अजित घोरपडे (अपक्ष) ३,३८,८३७. फरक ३९,७८३.
२०१४: संजयकाका पाटील (भाजप) ६,११,५६३; प्रतीक पाटील (काँग्रेस) ३,७२,२७१. फरक २,३९,२९२.
२०१९: संजयकाका पाटील (भाजप) ५,०८,९९५, विशाल पाटील (स्वाभिमानी पक्ष) ३,४४,६४३, गोपीचंद पडळकर (वंचित बहुजन आघाडी) ३,००,२३४. फरक १,६४,३५२.
२०२४: विशाल पाटील (अपक्ष) ५,७१,६६६, संजयकाका पाटील (भाजप) ४,७१,६१३. फरक १,००,०५३.

नुसता 'फरक' बघितला तर भाजपचा किल्ला २०२४ ला अचानक पडला असं वाटतं. आता एकाच माणसाची मतं उभी वाचा: २०१४ ते २०१९ मध्ये संजयकाकांची १,०२,५६८ मतं घटली, २०१९ ते २०२४ मध्ये फक्त ३७,३८२. मोठी घसरण जिंकलेल्या निवडणुकीत झाली होती. २०१९ ला विरोधातल्या दोघांची बेरीज ६,४४,८७७, म्हणजे विजेत्यापेक्षा १,३५,८८२ जास्त. मतं दोघांत वाटली गेली म्हणून विजय टिकला. २०२४ ला लढत सरळ झाली आणि तिसऱ्याच्या, चंद्रहार पाटलांच्या, वाट्याला ६० हजारांच्या घरातच मतं आली. अर्थात दोघांची बेरीज एका उमेदवाराला जशीच्या तशी मिळाली असती असं मानू नका. पडळकरांचे सगळे मतदार विशाल पाटलांकडे वळले असते, याला आकड्यांत पुरावा नाही. बेरीज फक्त एवढंच सांगते की निकाल विभागणीवर उभा होता.

माणसाची रेषा वेगळी आणि पक्षाची वेगळी काढायची, हे साताऱ्याच्या २०१९ वरून चटकन कळतं. एप्रिलमध्ये उदयनराजे भोसले (राष्ट्रवादी) ५,७९,०२६ आणि नरेंद्र पाटील (शिवसेना) ४,५२,४९८. मग उदयनराजे भाजपमध्ये गेले आणि ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटील (राष्ट्रवादी) ६,३६,६२०, उदयनराजे (भाजप) ५,४८,९०३. माणसाची मतं ३०,१२३ ने घटली, राष्ट्रवादीची ५७,५९४ ने वाढली. पण पहिल्या दोघांची बेरीजच सुमारे दीड लाखाने फुगली आहे, कारण त्याच दिवशी, २१ ऑक्टोबरला, विधानसभेचंही मतदान होतं. शरद पवारांच्या पावसातल्या सभेनं निकाल फिरवला असं छातीठोक सांगण्याआधी ही दीड लाख मतं हिशेबात धरा.

साताऱ्याच्या २०२४ च्या निकालात उदयनराजे (भाजप) ५,७१,१३४, शशिकांत शिंदे (राष्ट्रवादी, शरद पवार) ५,३८,३६३, फरक ३२,७७१, आणि 'पिपाणी' चिन्हाच्या अपक्षाला ३७,०६२. शिंदेंच्या पक्षाचं चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस' समजून लोकांनी पिपाणीचं बटण दाबलं, असा पक्षाचा दावा. ते पडताळायचं असेल तर फॉर्म २० घ्या. ज्या केंद्रांवर शिंदेंची टक्केवारी जास्त, तिथेच पिपाणीचीही जास्त दिसते का? तशी दिसली तर दाव्याला बळ मिळतं. सगळीकडे सारखीच पसरलेली असेल तर कारण दुसरं शोधावं लागेल. यातून नेमकी किती मतं चुकून पडली हे मात्र कधीच निघणार नाही.

टक्केवारीचे सापळे

नोटा २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आलं. लोकसभेला पहिल्यांदा २०१४ मध्ये. ते वैध मतांत धरत नाहीत, पण निकालाच्या दिवशी आयोगाच्या पानावर दिसणाऱ्या टक्केवारीत ते मिसळलेलं असतं. म्हणून तीच मतं दोन ठिकाणी वेगळ्या टक्क्यांनी दिसतात. तुम्ही एकच छेद ठरवा, वैध मतांचा, आणि तो शेवटपर्यंत सोडू नका. अनामत रक्कमही वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली तरच परत मिळते.

१९८९ ला मतदारांचा आकडा एकदम उडी घेतो: त्या निवडणुकीपासून मतदानाचं वय २१ वरून १८ झालं. ही लोकसंख्येची वाढ नव्हे.

सहा विधानसभांची बेरीज घोषित निकालाशी जुळत नाही म्हणून रात्र जागवू नका. लोकसभेची टपाली मतं विधानसभानिहाय वाटली जात नाहीत, ती शेवटी वेगळी मिळवतात. २०२४ ला ८५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना घरून मतदानाची सोय मिळाली, तीही मतं टपालीतच. टपाली धरूनही फरक उरला, तर तुमची नोंद चुकली आहे. फॉर्म २० बहुधा स्कॅन केलेला असतो. यंत्राने वाचताना ३ चा ८ आणि ६ चा ० होतो. प्रत्येक ओळीत उमेदवारांची मतं अधिक नोटा बरोबर एकूण, ही तपासणी सूत्राने लावा. न जुळणाऱ्या ओळीच डोळ्यांनी बघायच्या. मराठी नावं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतील तर चिकटवल्यावर कचरा येतो. ती हाताने टंकणंच लवकर होतं.

केंद्रांची तुलना क्रमांकावरून करू नका. मतदार वाढले की केंद्र फुटतं, सहाय्यकारी केंद्र निघतं आणि पुढचे सगळे क्रमांक सरकतात. २०१९ चं केंद्र १४० आणि २०२४ चं १४० वेगवेगळ्या गल्लीतलं असू शकतं. खेड्यात गाव हे एकक धरा. सांगली-मिरजेत एका शाळेत पाच-सहा खोल्यांत केंद्रं असतात, तिथे सगळी शाळा मिळून एक ओळ करा. खोलीनिहाय टक्केवारी काढून 'अमुक गल्लीनं दगा दिला' म्हणणं हा नुसता खोडसाळपणा आहे.

खासदाराने सभागृहात कसं मत दिलं हेही काहींना वहीत हवं असतं. तिथे हाताशी फार येत नाही: बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात आणि नावनिशी नोंद फक्त मतविभाजन झालं तरच राहते. ती लोकसभेच्या कामकाजाच्या वृत्तांतात शोधावी लागते.

शेवटचं काम कंटाळवाणं, पण टाळू नका. केंद्रांच्या तक्त्यात प्रत्येक ओळीपुढे गावाचा जनगणना संकेतांक घाला. पुढचं परिसीमन झालं की विधानसभांची नावं आणि क्रमांक पुन्हा बदलतील. संकेतांक असेल तर जुनी मतं नव्या हद्दीत गावागावाने मोजून घेता येतील. सहाव्या कप्प्याचं पान आत्ताच कोरं ठेवा.